सहावा सुरुंग

"मिसफॉर्च्यून म्हणजे?"

"तुझ्यासारखा चुलतभाऊ नशिबी येणं," हेस्टर म्हणाली.

क्लेमनं तिला चिमटा काढला. 'मिस'नं सुरू होणारे वीस इंग्रजी शब्द, अर्थासकट, आणि तेही ईस्टरच्या सुट्टीत! शाळेतल्या बाईंना सुट्टी म्हणजे काय, हेच ठाऊक नसावं. दोघं इंग्लंडमधल्या डर्बीशरच्या एका चुनखडीच्या खाणीच्या वरच्या अंगाला, दगडी कुंपणावर बसली होती.

"मिसफायर?"

"सुरुंगाची वात पेटवली, पण बार उडालाच नाही. मग अर्धा तास कुणी जवळ फिरकायचं नाही, बाबा सांगतात."

खाली भोंगा झाला. आज सहा सुरुंग आहेत, हे बाबांनी न्याहारीलाच सांगितलं होतं. खाणकामगारांच्या पोरांना बार मोजायची सवयच असते. धडाड! एक... दोन... पाच. पुढे काहीच नाही.

तरीही मुकादम गारसाइडनं कामाचा भोंगा दिला. बाबा आणि चार गडी पहारी घेऊन कड्याकडे निघाले. दोघं धावत खाली गेली.

"मुकादमसाहेब, पाचच उडाले!"

"दोन एकदम उडाले असतील. आता पोरं मला शिकवणार?" त्यानं क्लेमच्या कानशिलात अशी भडकावली, की तो चिखलात पालथा पडला.

दगड फोडायच्या यंत्राच्या खडखडाटात हाका पोचेनात. कड्याशी जाऊन समजावायला वेळ नव्हता.

"दगड मार," हेस्टर म्हणाली.

"काकांना?"

"सगळ्यांना!"

क्लेमचा दगड एकाच्या पाठीत बसला, तसे सगळे वळले. हेस्टरचा थेट बाबांच्या कपाळावर. रक्ताची धार लागली. "कार्टे, थांब, तुझी चामडीच लोळवतो!" म्हणत बाबा धावले, मागोमाग चौघेही शिव्या देत आले. पोरं जीव घेऊन यंत्राच्या शेडमागे पळाली. गडी तिथे पोचतात न पोचतात तोच कडा फुटला.

शेडचे पत्रे उडाले. गारसाइड चार हात लांब फेकला गेला, त्याचा हात मोडला. धुरळा बसला तेव्हा गडी मघाशी होते त्या जागी गाडीएवढी शिळा पडलेली दिसली.

मग एका म्हाताऱ्या गड्यानं टोपी काढली. "पाच माणसं वाचवलीत रे पोरांनो."

बाबांनी हेस्टरला घट्ट जवळ ओढलं.

"बाबा, फार लागलं?"

"लागलं," ते म्हणाले. "लागलं ते बरं झालं, पोरी."