माईक चालू होता

लेआंद्रोसच्या छातीला मी पहिल्यांदा हात लावला तो चिकटपट्टी लावायला. मी सिनेमाच्या आवाजाचं काम बघते; आमचा नेहमीचा मदतनीस येतानाच्या प्रवासात बोट लागून आडवा झाला होता, म्हणून ग्रीसमधल्या सिरोस बेटावर शूटिंग चाललेल्या त्या हॉटेलात नटांच्या शर्टाखाली माईक लपवायचं काम माझ्याकडे आलं.

"हात गार आहेत तुझे," तो अंग चोरत म्हणाला.

"लाखो चाहत्या तुझ्या... हलायचं नसतं, हे एकीनेही नाही सांगितलं?"

"त्या मोबाइलवर असतात गं. गुदगुल्या नाही करत."

मग रोज सकाळी तो माझ्यासाठी बर्फाची कॉफी आणायचा आणि मी मुद्दाम पट्टी दोनदा लावायचे.

मोबाइलवर स्वतःचं तोंड दाखवून प्रसिद्ध झालेला हा मुलगा सिनेमात स्वतःचीच भूमिका करत होता. वादळात अडकलेली बडी मंडळी, ज्यांना साधं अंडं उकडता येत नाही, अशी गोष्ट. लेआंद्रोसला वाटायचं, आपण नायक. प्रेक्षक त्याच्यावरच हसणार आहेत, हे त्याच्याखेरीज सगळ्यांना ठाऊक होतं. "त्याला कुणी बोलायचं नाही," दिग्दर्शक मांथोसने दम भरला होता. "कळलं तर बिचकेल, मग मजा गेली." गप्प बसणं मला दिवसेंदिवस जड जात होतं.

त्या दुपारी गच्चीवरचा प्रसंग होता. मोबाइल समुद्रात पडतो आणि हा ओक्साबोक्शी रडतो. मी पट्टी लावत असताना त्याने हळूच विचारलं, "कल्लिरोई... आई म्हणते, हे बघून ती थिएटरात रडेल. रडेल ना?"

माझा हात थांबला.

"नाही रे. लोक हसतील. तुझ्यावर. तसंच लिहिलंय ते."

वाऱ्याने त्याचा शर्ट फडफडत होता, मी तो धरून ठेवला होता... सोडवेना.

"मग मला का सांगितलंस?"

"कारण तू मला आवडतोस. मूर्खा, एवढंही कळत नाही?"

तेवढ्यात मांथोस ताडताड जिना चढून आला, कानाला हेडफोन. माईक चालू होता आणि त्याचा आवाज थेट दिग्दर्शकाच्या कानात जातो. ही ताकीद रोज सगळ्यांना मीच द्यायचे.

"सामान आवर," तो मला म्हणाला. "संध्याकाळची बोट आहे."

"मग मीही निघतो," लेआंद्रोस म्हणाला.

"बाळा, तुझा गैरसमज होतोय..."

"आत्ता कुठे दूर झाला. हसू देत लोक, मी रडतो. पण ही इथेच राहील."

मांथोसने आम्हा दोघांकडे पाहिलं, नाइलाजाने मान डोलावली आणि कॅमेरा लावायला सांगितला.

लेआंद्रोस रडला. रोज त्याच्यावर फिदीफिदी हसणारी मेकअपवालीसुद्धा गप्प झाली. प्रसंग संपला तरी तो कठड्याशी पाठमोराच उभा राहिला आणि माझ्या हेडफोनमध्ये त्याचा आवाज आला, अगदी दबका.

"ऐकतेयस ना? मलाही... म्हणजे, तू मलाही... जाऊ दे. तोंडावर बोलायचा धीर होत नाही."

मांथोसने स्वतःचा हेडफोन काढला आणि उगाच आभाळाकडे बघू लागला. मी माझा टेबलावर ठेवला, लेआंद्रोसपाशी गेले आणि त्याच्या कमरेला लावलेलं माईकचं बटण बंद केलं.

"आता म्हण."

तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच, कुणालाही न दाखवता.