इस्तारीबाबांची वाट

दिवाळीच्या आधी माझ्या बाबांना, म्हणजे इस्तारीबाबांना, अर्धांगाचा झटका आला. डावा पाय घासत का होईना ते चालत होते, पण एकदा घरामागच्या वाडीत ओल्या मातीत पडले आणि मग खाटेवरून उठायलाच तयार होईनात. ब्रह्मपुरीच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, असेच पडून राहिले तर पाय कायमचा जाईल.

मी रस्त्याच्या कामांवर सुपरवायझर आहे. नागभीडला आमच्या घरामागे लांबट वाडी आहे. दारापासून पेरूच्या झाडापर्यंत दगडांची वाट करायची मी ठरवलं. नाल्यातले सपाट दगड ट्रॅक्टरने आणले. चार बोटं खणून मुरूम ठोकून बसवला, वर रेती टाकली, सपाटी बघायला पाणसळ लावून एकेक दगड बसवला. बाबांचं पाऊल लहान पडायचं, म्हणून दोन दगडांमध्ये टेपने मोजून चौदा इंच ठेवले. एकूण वीस दगड.

पहिल्या दिवशी माझ्या बायकोचा, उर्वशीचा हात धरून बाबा चार दगड चालले. आठवड्याने दहा.

पंधरा दिवसांनी उर्वशीने विचारलं, "तुमी दगड हलवले का जी?"

"नाई. काऊन?"

"शेवटचा पेरूच्या पुढं गेला."

मी टेप लावला. प्रत्येक अंतर पंधरा इंच. मी बसवले तेव्हा कुठे पाव इंच कमी-जास्त झालंच होतं. आता तेवढाही फरक नव्हता.

मी शेवटचा दगड उचलला. खालचा मुरूम घट्ट होता, हरळीची मुळं पांढरी पडली होती. महिनोन्‌महिने तो तिथेच असावा तशी. त्याच्या जुन्या जागी हरळी हिरवीगार होती.

माघात सतरा इंच झाले, होळीला एकोणीस. दगडांच्या दोन्ही बाजूंना मी लोखंडी खुंट्या ठोकल्या. खुंट्या जागेवर राहिल्या, दगड पुढे गेले. ते सरकताना आम्हाला कधी दिसले नाहीत.

बाबा पडतील या धास्तीने एका दुपारी दगड उपटायला मी सब्बल आणली. ते खाटेवर बसून बघत होते.

"काय करून राह्यला, अजय?"

"वाट काढून टाकतो, बाबा. सिमेंटची करू."

"राहू दे." त्यांनी डाव्या गुडघ्यावर हात ठेवला. "रोज पाय उचलला का वाटते, आज नाई पोचत. मंग पोचते."

मी सब्बल ठेवून दिली.

चैत्रात एकदा कामावरून लवकर आलो. खाट रिकामी होती. बाबांची काठी भिंतीला टेकलेली.

मी मागे धावलो.

बाबा वाटेच्या मध्यावर होते. एकटे.

डावा पाय उचलला. पुढचा दगड मला लांब वाटला.

हाक मारावी तर दचकतील. मी दारातच उभा राहिलो.

पाऊल दगडावर पडलं. मग उजवं. मग पुन्हा डावं.

कुंपणापर्यंत जाऊन ते वळले आणि मला पाहून म्हणाले, "च्या मांड म्हण उर्वशीले."

मी दाराच्या पायरीवर बसलो आणि किती तरी वेळ रडलो. उर्वशीही रडत होती, पण चहा तिने मांडला. कित्येक महिन्यांनी त्या रात्री मला गाढ झोप लागली.

बावीस इंचांवर दगड थांबले. बाबा आता शेतातल्या धानाच्या बांध्यांपर्यंत एकटे जातात. डॉक्टर खूश आहेत. वाटेबद्दल मी कुणाला विचारत नाही.

परवा पाऊस उघडल्यावर वाडीत गेलो. बाबांच्या वाटेशेजारी, कुंपणाकडून घराकडे, लहान लहान सपाट दगड मातीत पक्के बसले आहेत. अगदी जवळ जवळ, लहानशा पावलाच्या अंतरावर. त्यांच्यावर माझं अर्धंच पाऊल मावतं.

पेरूपर्यंत आले आहेत. आमच्या घरात लहान मूल नाही.