कोरी बाटली

पाणी विभागाची प्रयोगशाळा उंच टाकीच्या पायथ्याशी होती. दोनच खोल्या. पुढच्या खोलीत टेबल, रजिस्टरं आणि खडखडणारा कूलर. मागच्या खोलीत काचसामान, दोन इनक्युबेटर आणि काचेच्या दाराचा एक फ्रीज. उल्का भोयर तिथे सोळा वर्षं केमिस्ट होती. वडील रेल्वेत, गोंदियाहून बदलून आलेले, त्यामुळे ती रायपुरातच लहानाची मोठी झाली. घरात मराठी, ऑफिसात अर्धी हिंदी, आणि नळावरच्या बायकांशी जमेल तेवढी छत्तीसगढी.

रोज सकाळी एखाद्या वस्तीत जायचं, सहा नळांचं पाणी सहा बाटल्यांत घ्यायचं, बर्फाच्या पेटीतून आणायचं, गाळून त्याच्या प्लेटा लावायच्या, म्हणजे जंतू वाढणाऱ्या जेलीवर ते इनक्युबेटरच्या उबेत ठेवायचं. दुसऱ्या दिवशी प्लेटेवर ठिपके उगवले तर पाण्यात घाण आहे. प्लेट स्वच्छ राहिली तर पाणी पिण्यास योग्य.

पेटीत सातवी बाटलीही असायची. तिला सगळे कोरी बाटली म्हणत. तिच्यात प्रयोगशाळेतच उकळून निर्जंतुक केलेलं पाणी असे. ती वस्तीपर्यंत जायची आणि न उघडता परत यायची. बाकीच्यांबरोबर तिचीही प्लेट लागायची. ती स्वच्छ राहिली, की आपल्या हाताची, आपल्या भांड्यांची घाण नमुन्यात गेलेली नाही याची खात्री व्हायची. सोळा वर्षांत कोऱ्या बाटलीच्या प्लेटेवर काही उगवलं नव्हतं.

मे अखेरीस नवतपा, उन्हाळ्याचे सर्वांत कडक नऊ दिवस, लागला त्या आठवड्यात डबरीपाऱ्यात उलटी-जुलाबाची साथ सुरू झाली. भनपुरीच्या पलीकडे, ट्रकांच्या यार्डांमागे ही वस्ती. हमाल, ड्रायव्हर, वेल्डिंगवाले. सकाळी सहा ते सात नळ, बाकी दिवस कोरडा. रविवारी उल्कानं तिथले सहा नमुने घेतले. सोमवारी प्लेटा काढल्या तर सहाच्या सहा स्वच्छ. पाणी चांगलं.

कोऱ्या बाटलीच्या प्लेटेवर मात्र सात ठिपके होते. गोल, काळपट, हिरवी चमक असलेले. मैल्याच्या पाण्यात असतात तसले.

प्रयोगशाळेतले जुने सहायक प्रल्हाद यांचा चेहरा पडला. भांडी तेच धूत. "मॅडम, मी सोताच्या हातानं उकळली होती. दोनदा."

"तुमच्यावर मी कुठं काय म्हणून राहिली, प्रल्हादभाऊ? परत करू."

मंगळवारी सकाळी ती पुन्हा डबरीपाऱ्यात गेली. या वेळी कोऱ्या बाटलीऐवजी तिनं मेडिकलच्या दुकानातून इंजेक्शनच्या पाण्याची सीलबंद बाटली आणली. तिचं सील प्रयोगशाळेत परत आल्यावरच तोडलं. बुधवारी सहा प्लेटा स्वच्छ. सातव्या प्लेटेवर बारा ठिपके.

 उल्कानं शारदाला फोन लावला. शारदा तिची शाळेतली मैत्रीण, सरकारी दवाखान्यात सिस्टर होती. डबरीपाऱ्याचे किती पेशंट आले, एवढंच तिनं विचारलं.

"परवा दुपारपर्यंत सात होते. आज बारा झाले," शारदा म्हणाली. "काहून गं?"

"काही नाही. असंच."

तिनं फोन ठेवला. आकडे जुळतात. जगात रोज कितीतरी आकडे जुळत असतात, असं तिनं मनाशी म्हटलं आणि रजिस्टरमध्ये कोऱ्या बाटलीपुढे बाराचा आकडा लिहिला. त्याखाली पट्टीनं रेघ ओढली.

गुरुवारी तिसऱ्यांदा गेली. सार्वजनिक नळाशी कुसुम उभी होती. भंडाऱ्याकडची बाई, नवरा गुलाबराव यार्डात माल चढवायचा. तोटीवरचे जंतू मरावेत म्हणून उल्का नळाला ज्योत लावून ती तापवत होती, ते कुसुम कमरेवर हात ठेवून बघत होती.

"बाई, तुमी येता त्या दिवशी पानी चांगलंच राह्यते," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे ठेकेदाराचा मानूस पाटे पाच वाजता येते. त्या व्हॉल्व्हच्या चेंबरचं झाकन उघडून थैलीभर ब्लीचिंग टाकते. तुमची गाडी गेली का संपलं. उद्या या ना, न सांगता. वास घेऊन पाहा."

उल्काच्या हातातला काकडा विझला. कोणत्या वस्तीत जायचं, ते आदल्या दिवशी गाडीच्या अर्जावर लिहावं लागे. तो अर्ज ऑफिसात चार टेबलांवर फिरे.

"हे आधी काहून नाही सांगितलं?"

"सांगितलं ना. कागदावर लिहून देल्लं, पंधरा जनाच्या सह्या. तुमच्या साहेबाकडं." कुसुमनं घागर उचलली. "आमाले वाटलं, तुमाले ठाऊकच असन."

शुक्रवारी सकाळी उल्कानं इनक्युबेटर उघडला. पहिल्या सहा प्लेटांकडे तिनं पाहिलंही नाही. सातवी उचलून उजेडात धरली आणि पेनाच्या टोकानं मोजलं. तेवीस. पुन्हा मोजलं. तेवीस. प्रल्हादभाऊंना मोजायला लावलं.

"तेवीस, मॅडम."

शारदा फोनवर म्हणाली, "सोळा."

सात जणांचं अंतर होतं. ते सात जण या क्षणी आपापल्या घरी असतील, चहा पीत असतील. उल्कानं छापील फॉर्म ओढला. नमुन्याचं ठिकाण या रकान्यात तिनं लिहिलं, कोरी बाटली, डबरीपारा. निष्कर्षाच्या रकान्यात लिहिलं, पाणी पिण्यास अयोग्य, पुरवठा तात्काळ बंद करावा. खाली सही केली. मग ती प्लेट आणि फॉर्म घेऊन विनायक देवपुजारी साहेबांच्या केबिनमध्ये गेली.

देवपुजारी कार्यकारी अभियंता होते, नागपूरचे. तिच्याशी ते नेहमी मराठीत बोलत. त्यांनी फॉर्म दोनदा वाचला.

"मॅडम, तुम्ही उकळलेल्या पाण्याला अयोग्य म्हणून राहिल्या?"

"हो."

"आणि नळाचे नमुने?"

"स्वच्छ आहेत. पहाटे ब्लीचिंग टाकल्यावर स्वच्छच राहणार. लोकांनी तुम्हाला लिहून दिलं होतं."

साहेबांनी पंख्याकडे पाहिलं. "हे बघा, कोरी बाटली खराब निघाली याचा अर्थ तुमची लॅब खराब. असं लिहून द्या, मी दुसरीकडून टेस्ट करवतो. आठवडाभरात होऊन जाईल."

"आठवडा नाही आपल्याकडं. अजून सात जण आहेत."

"कोण सात?"

 सोळा वर्षं ती सिद्ध करता येईल तेवढंच बोलत आली होती. "प्लेटेला टेप लावते," ती म्हणाली. "तुम्ही तिच्यावर सही करा. मोजून करा."

का कोण जाणे, त्यांनी मोजलं, आणि सही केली. तिनं त्यांच्या सहीशेजारी आपली केली, प्लेट फ्रीजमध्ये ठेवली, मोठा पाना घेतला आणि ऑटोनं डबरीपाऱ्याला निघाली. गाडीचा अर्ज केला नाही.

व्हॉल्व्ह वस्तीच्या तोंडाशी, सिमेंटच्या चेंबरमध्ये होता. उल्कानं ओढणी कमरेला खोचली, पालथी पडून हात खाली घातला आणि पाना फिरवला. गंजलेलं चाक कुरकुरलं. एकवीस फेऱ्यांत ते बंद झालं.

माणसं जमली. "अरे दीदी, पानी काबर बंद करत हस?" एक म्हातारा ओरडला.

"दादा, हे पाणी पिऊ नका. कोणी पिऊ नका. घरात भरलेलं ओतून द्या. टँकर येईपर्यंत मी इथून हलत नाही."

"पाइप नालीतून जाते," कुसुम म्हणाली. "वळनावर. बारा महिने वल्ली राह्यते ती जागा. खोदून पाहाचं का?"

"खोदायचा हुकूम नाही माझ्याकडं."

"तुमाले नसन. आमाले कोन हुकूम देते?" गुलाबराव घरातून कुदळ घेऊन आला. ठेंगणा, रुंद खांद्यांचा, हसरा माणूस. त्याच्यामागे आणखी सहा-सात जण आले. भर अकराच्या उन्हात ते खोदू लागले. उल्का चेंबरच्या झाकणावर उभी होती. तिची नजर एकेका चेहऱ्यावरून फिरत होती. तिला मोजायचं नव्हतं, तरी ती मोजत होती. यातले कोण?

साडेबारा वाजता पाइप उघडा पडला. सांधा पूर्ण निखळला होता. गटाराचं काळं पाणी त्यात सावकाश आत जात होतं.  गुलाबरावनं कुदळ टेकवली, पोटाशी हात धरला आणि मातीच्या ढिगाऱ्यावर बसला.

"ऊन लागलं असन," तो म्हणाला.

संध्याकाळी सात वाजता शारदाचा फोन आला. "तेवीस झाले. शेवटचा कोणी गुलाबराव म्हणून आहे. बरा नाही गं तो."

त्यानंतर डबरीपाऱ्यातून एकही पेशंट आला नाही. तेवीसवर आकडा थांबला. रविवारी पहाटे गुलाबराव गेला.

विभागानं त्याच रविवारी नवा सांधा बसवला, खड्डा बुजवला आणि लोकांनीच खोदताना पाइप फोडला असं कागदावर आणलं. उल्कावर चौकशी लागली. हुकमाशिवाय पुरवठा बंद करणे, निराधार अहवाल देणे. समिती बुधवारी प्रयोगशाळेत येणार होती. तिच्यापाशी दाखवायला एकच वस्तू होती, फ्रीजमधली टेप लावलेली प्लेट.

सोमवारी तिनं काचेच्या दारातून पाहिलं. ठिपके कमी वाटले. दार उघडून, प्लेट न हलवता तिनं मोजले. पंधरा.

टेप जशीच्या तशी होती. दोन्ही सह्या टेपवरून झाकणावर आणि खाली तशाच उतरलेल्या, एकही रेघ तुटलेली नव्हती. उगवलेला ठिपका मरतो, सुकतो, पण त्याचा डाग राहतो. इथे डागही नव्हता. जेली काचेसारखी नितळ होती.

तिनं शारदाला विचारलं. सकाळीच आठ जणांना घरी सोडलं होतं.

मंगळवारी सहा राहिले. उल्काला हसू आलं आणि रडूही. माणसं बरी होऊन घरी चालली होती आणि तिचा पुरावा त्यांच्याबरोबर निघून चालला होता. प्रल्हादभाऊ मागे उभे होते. "मॅडम, फोटो काढले होते ना तुमी?"

"काढले. ते कोणत्या प्लेटचे, हे कोण मानणार?"

"मग उद्या काय सांगसान?"

"जे मोजलं ते."

बुधवारी समितीचे प्रमुख आले, सोबत देवपुजारी. प्रमुख वयस्कर होते, आवाज मृदू. त्यांनी टेप निरखली, सह्या ओळखून घेतल्या, मग झाकणावरून आत पाहिलं.

"इसमें तो एक ही है, मैडम."

"आज एकच आहे, सर. शुक्रवारी तेवीस होते. साहेबांनी मोजून सही केली आहे. त्यांना विचारा."

प्रमुखांनी देवपुजारींकडे पाहिलं. साहेब कूलरकडे बघत होते. त्यांच्या कपाळावर घामाचे थेंब होते. "मला आठवत नाही," ते म्हणाले.

प्रमुखांनी एक टाइप केलेला कागद पुढे सरकवला. प्रयोगशाळेच्या नजरचुकीनं कोरी बाटली दूषित झाली, आपला अहवाल मी मागे घेते. खाली सहीची जागा. सही केली तर प्रकरण मिटेल, असं त्यांनी खरोखरच चांगुलपणानं सांगितलं.

उल्कानं कागद वाचला. पेन काढलं. सहीच्या जागी तिनं लिहिलं, अहवाल बरोबर आहे, मागे घेणार नाही. डबरीपाऱ्याचं पाणी त्या दिवशी पिण्यास अयोग्य होतं. तारीख घातली आणि मग सही केली.

"कारण तरी सांगा," प्रमुख म्हणाले. "उकळलेल्या पाण्यात हे आलं कुठून?"

"ते मला माहीत नाही, सर. माहीत नाही असंही लिहून देते. पण जे दिसलं ते दिसलं नाही, असं माझ्या हातून लिहून होणार नाही."

"तुमची बदली होईल."

"करा."

बाहेर गलका ऐकू आला. फाटकाशी डबरीपाऱ्याची माणसं बसली होती. पुढे कुसुम, कपाळ मोकळं, हात मांडीवर. पूर्ण लाइन बदलेपर्यंत व्हॉल्व्ह कोणाला उघडू द्यायचा नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. चेंबरवर दिवसरात्र बायका आळीपाळीनं बसत. देवपुजारींची गाडी फाटकातून निघाली नाही. शेवटी त्यांना उतरून, तिथेच बॉनेटवर कागद ठेवून नव्या पाइपाचं लेखी द्यावं लागलं. कुसुमनं ते शब्दन् शब्द वाचून घेतलं, एक ओळ बदलून मागितली आणि बदलून घेतली.

चार वाजता सगळे गेले. प्रल्हादभाऊ वापरलेल्या प्लेटांचा डबा घेऊन मागच्या खोलीत आले. चौकशी झालेल्या प्लेटा प्रेशरखाली उकळून नष्ट करायच्या, असा नियम होता.

"हीपन टाकू, मॅडम?"

उल्का फ्रीजसमोर उभी होती. खालच्या कप्प्यात प्लेट होती, आणि प्लेटेत तो एकच ठिपका. दवाखान्यात आता डबरीपाऱ्याचं कोणीच उरलं नव्हतं. तेवीसपैकी बावीस जण घरी गेले होते.

"नाही. राहू द्या."

तिनं दार उघडलं. थंडगार हवा पायांवर आली. झाकण मधोमध धूसर दिसलं, म्हणून तिनं रुमालानं पुसलं. धूसरपणा गेला नाही. तो आतल्या बाजूनं होता. ठिपक्याच्या बरोबर वर, रुपयाएवढी वाफ काचेवर धरली होती.

बघता बघता ती विरली. झाकण लख्ख झालं.

मग पुन्हा धरली.

प्रल्हादभाऊंनी हातातला डबा खाली ठेवला. उल्का खाली बसली. तिनं डाव्या हाताचं घड्याळ डोळ्यांसमोर धरलं आणि सेकंदकाटा बारावर येण्याची वाट पाहिली. मग मोजलं. खात्रीसाठी आणखी एकदा मोजलं.

मिनिटाला चौदा.