मामांच्या पाठीमागची जागा

हे माझ्या सख्ख्या भावाच्या बाबतीत घडलं आहे आणि घडलं तेव्हा मी तिथे होते. कुणाकडून ऐकलेलं नाही.

मी प्रयोगशाळेत काम करते. पाहिलं तेवढंच सांगेन, पदरचं काही घालणार नाही.

रविवारची संध्याकाळ होती. मामांना जाऊन महिना झाला होता. आमच्या चौथ्या मजल्यावरच्या घरी त्यांची आठवण काढायला माणसं जमली होती.

मामा म्हणजे आईचे थोरले भाऊ. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी सैन्यात, बर्फातल्या चौक्यांवर काढली. लग्न केलं नाही. आईबाबा गेल्यावर मला आणि धाकट्याला त्यांनीच वाढवलं.

सगळे भरभरून बोलत होते. कुणी त्यांच्या पदकाबद्दल, कुणी त्यांनी कोसळलेल्या कड्याखालून ओढून काढलेल्या जवानांबद्दल.

मग त्यांचा न्हावी उठला. म्हणाला, "इतकी वर्षं केस कापले, पण या माणसाने मला एकदाही मागे उभं राहू दिलं नाही. मानेवरचे केससुद्धा समोरून हात घालून कापायचे. बघणाऱ्याला वाटायचं, काय मिठी मारलीये."

हशा पिकला. आम्हीही हसलो. मामांची खुर्ची कायम भिंतीला टेकलेली असायची. रांगेत उभे राहिले तर सगळ्यांना पुढे सोडून शेवटी. घरात तो थट्टेचाच विषय होता.

एकच माणूस हसला नाही. मामांचे चौकीवरचे सोबती. तिथे वायरलेस सांभाळायचे म्हणून सगळे त्यांना अजूनही वायरलेसच म्हणतात.

माणसं पांगल्यावर ते आम्हा दोघांना म्हणाले, "तुम्हाला त्याने सांगितलेलं दिसत नाही."

आणि त्यांनी सांगितलं.

वरच्या चौकीवर वारा इतका, की शेजारच्याची हाक ऐकू येत नसे. त्यामुळे पहारा बदलायची रीत ठरलेली होती. पुढच्या पाळीचा माणूस मागून यायचा आणि डाव्या खांद्यावर हात दाबायचा. उभा असलेल्याने वळायचं नाही. नजर समोरून हलवायची नाही. हात पडला की बाजूचा दोर धरून खाली उतरायचं.

एका संध्याकाळी मामांच्या खांद्यावर हात पडला. ते खाली आले.

खंदकात... पुढच्या पाळीचा जवान अजून बूट चढवत होता.

दोघं एकमेकांकडे बघत राहिले.

मग वर कोण उभं होतं?

तो जवान बघायला गेला. परत आला नाही. त्याच्या पावलांचे ठसे चौकीपर्यंत गेले होते. त्यापुढे... नुसता बर्फ.

"त्यानंतर तुमच्या मामाने पाठीमागे कुणाला येऊ दिलं नाही," वायरलेसकाका म्हणाले.

मी धाकट्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा उतरला होता.

दवाखान्यातली शेवटची दुपार त्याने तेव्हा पहिल्यांदा सांगितली. मामांना बसतं करायला तो पलंगावर त्यांच्या मागे बसला होता. नको म्हणायची ताकद त्यांच्यात उरली नव्हती, पण जीव जात नव्हता. धाकट्याला ते बघवेना. त्याने मायेने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "मामा, आता मी आहे. तुम्ही जा."

मामांनी मान वळवली.

धाकट्याकडे नाही... त्याच्याही मागे पाहिलं.

"तू कशाला घेतलास पहारा?"

एवढंच बोलले आणि गेले.

 वायरलेसकाकांनी विचारलं, "खांदा कुठला?"

"डावा."

"भिंतीला टेकून बस. आत्ताच्या आत्ता."

धाकटा कसाबसा हसला. काकांच्या डोक्यात अजून वायरलेसची खरखर येते वाटतं, असं मला हळूच म्हणाला आणि खुर्च्या ठेवायला गॅलरीत गेला.

मी कप गोळा करत होते. बाहेर अजून चांगला उजेड होता. काचेच्या दारातून तो मला नीट दिसत होता. कठड्याशी, आमच्याकडे पाठ करून.

रस्त्यावरचा आवाज थांबला... एकदम. हॉर्न नाही, कुत्रं नाही. डोक्यावर पंखा फिरत होता, त्याचाही आवाज नाही.

आणि धाकट्याच्या शर्टाचा डावा खांदा... खाली दबला.

वारा नव्हता. कापड बोटांच्या जागी चुरगळलं होतं.

तो न वळता म्हणाला, "आलीस? बरं, मी जातो."

त्याने बाजूला दोर असावा तसा हवेत हात घातला. आणि एक पाय कठड्यापलीकडे टाकला.

माझ्या हातातले कप कुठे पडले, मला आठवत नाही. मी त्याला कमरेला धरून आत ओढलं, तर तो माझ्यावरच चिडला. "ताई, तूच म्हणालीस ना, मी आलेय, तू जा?"

मी तोंडसुद्धा उघडलं नव्हतं. वायरलेसकाका तेव्हा आत माझ्या शेजारीच उभे होते.

आता आम्ही तळमजल्यावर राहतो. डॉक्टरांना धाकट्याच्या तपासण्यांत काही सापडलं नाही. तो भिंतीला टेकून जेवतो, भिंतीला टेकून झोपतो. वायरलेसकाका म्हणतात, कुणीतरी आपणहून पहारा घेतला तरच तो सुटेल. मी घेते म्हणाले, तर दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

बाहेर सगळीकडे भिंत नसते. तिथे मी त्याच्या पाठीला पाठ लावून उभी राहते. लोक बघतात. बघू देत.

दोन माणसांच्या पाठी टेकल्या की थोड्या वेळात ऊब लागायला हवी.

परवा बसथांब्यावर आम्ही असेच उभे होतो. खूप वेळ.

धाकट्याने विचारलं, "ताई, टेकली आहेस ना?"

मी हो म्हणाले.

"मग तू... अशी गार का लागतेस?"

 मलाही त्याची पाठ तशीच गार लागत होती.