डिलिव्हरीआधीची फेरी

नव्या कोऱ्या पांढऱ्या पिकअपच्या पायरीपाशी त्याने चपला काढल्या, जोडीने नीट ठेवल्या, स्टिअरिंगला लावलेला हात कपाळाला लावला आणि अनवाणी पायांनी गाडी सुरू केली. शेजारी मृणालिनी बसली होती. हातात तपासणीचा कागद, डोळे घड्याळाकडे. तिला काही खटकलंच नाही. भोईवाड्याच्या कोर्टापाशी गाडी थांबली आणि तो एकदम दचकला.

“मॅडम...”

“काय झालं? क्लच जड लागतोय का?”

“क्लच मस्त आहे. माझ्या चपला...”

“त्यांचं काय?”

“तुमच्या शोरूमच्या दारात राहिल्या ना!”

तिने खाली पाहिलं. ब्रेकच्या शेजारी त्याच्या पायाची बोटं ओशाळल्यासारखी आत वळली होती. आणि मग तिला हसू फुटलं ते आवरेचना. मागचा टॅक्सीवाला हॉर्न मारतोय, हा लाजतोय, आणि ही बाई कागदाने तोंड झाकून हसतेय!

“हसा, हसा. नवीन चपला आहेत. गेल्या तर तुम्हीच भरून द्यायच्या.”

“कोण नेतंय? आमच्याकडे चोर नाहीत.”

“गिऱ्हाइकं तर येतात ना?”

मृणालिनी परळच्या त्या शोरूममध्ये डिलिव्हरीच्या टेबलावर होती. गाडी ताब्यात देण्याआधी गिऱ्हाइकासोबत एक फेरी मारायची, तो जी खोट काढेल ती कागदावर टिपायची, सगळं ठीक असलं की सही घ्यायची. मग नारळ, हार, पेढा, फोटो, आणि गिऱ्हाईक गेलं की गेलं. सहा वर्षांत तिने शेकडो टेम्पोवाले असे रवाना केले होते आणि त्यातल्या एकाचंही नाव तिला आठवत नव्हतं. याचं मात्र त्या संध्याकाळी भाजी चिरताना आठवलं. हितेंद्र परब.

आता तुम्हीच सांगा, पिकअप ही काय प्रेमात पडायची जागा आहे? पुढे दोघांपुरती बैठक, मध्ये गिअरचा दांडा, खाली नव्या रबराचा वास. त्यात जानेवारीतली ती परळची हवा! जिकडे तिकडे टॉवर उठताहेत, दहा वाजले तरी ऊन मळकंच, आणि झाडांची पानं सिमेंटने पांढरी झालेली. पण योग असला की माणूस काय, गोडाउनमध्येसुद्धा प्रेमात पडतो.

पहिल्या फेरीत मागचा फाळका खडखडला. खरंच खडखडला. तिने कागदावर लिहिलं, गाडी परत वर्कशॉपला गेली. चार दिवसांनी दुसरी फेरी झाली. तेव्हा डावीकडचा आरसा जागेवर राहीना. तेही खरंच होतं. दोन फेऱ्यांत ‘मॅडम’चं ‘मृणालिनी’ झालं आणि ‘तुम्ही’ लालबागच्या नाक्यावर कधी गळून पडलं ते दोघांनाही कळलं नाही.

आणि बोलता बोलता तिला कळलं की गाडी मिळाली की हा मुंबई सोडणार.

“कायमचा?” तिने विचारलं.

“खोली चुलत्यांची. त्यांना आता रिकामी करून हवीय. बाबांची मिल गेली, मग बाबा गेले. कणकवलीजवळ गावात आई एकटी आहे. तिकडे लोकांचं सामान वाहीन. कुरिअरच्या गोडाउनात बारा तास बॉक्स मोजण्यापेक्षा बरं.” मग जरा थांबून तो म्हणाला, “आणि इथे थांब म्हणणारं तरी कोण आहे?”

तिने खिडकीबाहेर पाहिलं. कसं म्हणणार? आठ महिन्यांपूर्वी तिच्या अप्पांना अर्धांगवायू झाला होता. प्रभादेवीच्या दोन खोल्यांत अप्पा आणि ती, तिसरं कोणी नाही. दिवसभर सीमाताई सांभाळायच्या, संध्याकाळनंतर सगळं हिच्यावर. मध्यंतरी दोन स्थळं आली होती. दोघांनी पोहे खाल्ले आणि एकच विचारलं, वडील कुठे राहणार? तिसरं स्थळ आलंच नाही. अप्पांना दोन जिने उतरवायचे तर चार माणसं लागत. ती काही कोकणात जाऊ शकत नव्हती, तो काही मुंबईत राहू शकत नव्हता. आणि मधे तो कागद! त्यावर सही झाली की हा माणूस गेला.

तिसऱ्या फेरीला गाडी अगदी शहाण्यासारखी चालली. करी रोडपर्यंत दोघं गप्प. मग हितेंद्र म्हणाला, “डावीकडून आवाज येतोय.”

तिने कान दिला. “कुठे? डावीकडे तर मीच बसलेय.”

“तेच तर! तुझाच आवाज येत नाहीये मघापासून.”

“चूप रे... कागदावर काय लिहू मग?”

“लिही ना, डावीकडे आवाज. खोटं कुठे आहे?”

आणि तिने लिहिलं! आयुष्यात रेशनकार्डाच्या अर्जातसुद्धा खाडाखोड न करणारी मुलगी ती, तिने नोकरीच्या कागदावर धडधडीत थाप लिहिली. वर्कशॉपचे मनू मेस्त्री दोन तास गाडीखाली पडून होते. बाहेर आले, हात पुसले आणि म्हणाले, “मॅडम, आवाज गाडीत नाय. कुठे आहे तो तुमचा तुम्ही बघा.”

चौथ्या फेरीला तिनेच नाक वर केलं. क्लचचा वास येतोय म्हणाली. हितेंद्र गालातल्या गालात हसला, “भयंकर येतोय.” वास कसला डोंबलाचा! पण आणखी पाच दिवस मिळाले. त्या पाच दिवसांत ती आनंदात होती म्हणावं तर तसंही नव्हतं. रात्री अप्पांना भरवताना तिच्या मनात यायचं, आपण याला नुसतं उशिरा पाठवतोय, थांबवत नाही आहोत. 

पाचव्या वेळी तो सकाळी दहालाच आला. दाढी वाढलेली, डोळे लाल.

“आई पडली काल. न्हाणीत. खुब्याचं हाड गेलं, परवा ऑपरेशन आहे. खोलीतलं सामान खाली काढून ठेवलंय, आमच्या गोडाउनातला राहुल थांबलाय तिकडे. सही कुठे करू?”

मॅनेजर कालिंदीबाई आपल्या खुर्चीतून उठून आल्या. “फेरीशिवाय सही होत नाही, परब. दहा मिनिटांत जाऊन या.” मग मृणालिनीला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, “एका गाडीला चार फेऱ्या! मला काय कळत नाही का गं? आज कागदावर टिंबसुद्धा नकोय मला.”

“नाही लिहीत,” मृणालिनी म्हणाली. आणि तिचं तसंच ठरलं होतं. त्याच्या आईपुढे तिच्या मनाचा काय पाड?

हितेंद्रने किल्ली घेतली. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता त्याच्या. तिने किल्ली काढून घेतली. “सरक तिकडे. आज मी चालवते.”

प्रभादेवीचा पूल पाडल्यापासून सगळी गर्दी करी रोडच्या पुलावर. गाडी इंचाइंचाने चढत होती. मधेच त्याचा फोन वाजला. “गो आये, येतंय मी. आजच निघतंय. रडू नको गो...” त्याने फोन खिशात ठेवला.

“मृणाल, एक सांगू? चारही फेऱ्यांत सांगायचं होतं.”

“नको सांगू.”

“सांगतो. गावाला चल, असं म्हणणार होतो. पण अप्पांना टाकून ये, हे कुठल्या तोंडाने म्हणू? आणि माझी आई... तिला तरी मी कशी टाकू?”

मृणालिनीच्या डोळ्यांपुढचा रस्ता ओला झाला. तिने मनगटाने डोळे पुसले. पुलाचा उतार लागला, पुढची टॅक्सी थांबली, तिने ब्रेक दाबला — आणि पाय खोल गेला. तिला वाटलं, आपलंच लक्ष नाही. पुन्हा दाबला. पाय जवळजवळ खाली टेकला. तिने हँडब्रेक खसकन ओढला. टॅक्सीच्या मागे वीतभर अंतर ठेवून पिकअप थांबली.

“काय गं?”

  एक क्षण, एकच क्षण, तिच्या मनात आलं की गप्प बसावं. दोनदा आपण खोटं बोललो, आता कोण विश्वास ठेवणार? हा म्हणेल, आई तिकडे तळमळतेय आणि ही मला अडकवतेय. हा मला आयुष्यभर तेवढ्यापुरतंच लक्षात ठेवील. पण मागे घरभर सामान, पुढे घाट, आणि हा न झोपलेला माणूस... तिच्या अंगावर काटा आला.

“ब्रेक लागत नाहीये,” ती म्हणाली.

त्याने डोळे मिटले. “मृणाल, पुरे आता.”

“खरं सांगतेय. पाय खाली जातोय.”

“काल म्हणाली असतीस तर मीच हसलो असतो गं! आज नको. आई पडलीय माझी. तू थांब म्हणालीस तर मी थांबेन, एवढा मूर्ख आहे मी. म्हणून हात जोडतो, आज मला थांबवू नकोस!”

“अरे, कोण थांबवतंय तुला?” ती ओरडलीच. मागून दहा हॉर्न वाजत होते, तिला एकही ऐकू येत नव्हता. “तुला अडवायचं असतं ना, तर दुसरा एखादा वास काढला असता मी! जा तू. आत्ता जा, एसटीने जा, मिळेल त्या ट्रकवर बसून जा. पण ही गाडी घेऊन नाही जायचं. परत नाही आलास तरी चालेल मला. मी रडेन, मरणार नाही. पण तू तिथे पोचला पाहिजेस, हितू. तू नीट पोचला पाहिजेस.”

त्याची नजर खाली गेली. हँडब्रेकवर तिची मूठ अजून तशीच आवळलेली होती, बोटांची पेरं पांढरी पडली होती. त्याने आपला हात त्या मुठीवर ठेवला.

“मेस्त्रींना फोन लाव,” तो म्हणाला.

मनू मेस्त्री मोटरसायकलवरून आले, वाकले, चाकामागे हात घातला. हात बाहेर आला तो तेलाने माखलेला. ब्रेकच्या नळीचा जोड कोणीतरी धड आवळलाच नव्हता. रोज थेंब थेंब गळून आज संपत आलं होतं. “घाटात पहिल्याच मोठ्या वळणावर...” ते म्हणाले आणि तेलकट हात पुसू लागले. हितेंद्र फुटपाथवर बसला. ती त्याच्या शेजारी बसली. लोक वळून बघत होते, बघू देत. त्याने तिच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि लहान पोरासारखा रडला.

दुपारी परळच्या डेपोतून त्याने एसटी पकडली. सामान राहुलने मित्राच्या गाळ्यात हलवलं. याच्या हातात एक पिशवी.

“गाडी झाली की न्यायला येतो,” तो खिडकीतून म्हणाला.

“ये,” ती म्हणाली. दोघांनाही माहीत होतं की आईला उचलून बसवायला तिथे दुसरं कोणी नाही.

तो आलाच नाही. रोज दुपारी एकला फोन मात्र यायचा. आईचं ऑपरेशन झालं, आई काठीवर उभी राहिली, दोन पावलं चालली. इकडे अप्पा एकदा घोटभर पाणी आपल्या हाताने प्यायले. असल्या बातम्यांवर दोघांचं प्रेम चाललं होतं! तीन आठवड्यांनी एका सकाळी राहुल शोरूममध्ये आला. गाडी गावाला तो नेणार होता. पण ती तपासून ताब्यात घ्यायला मालकाने, म्हणजे हितेंद्रने, दुसरंच माणूस नेमलं होतं. त्याने पाठवलेला कागद राहुलने तिच्यापुढे ठेवला. माझ्या वतीने गाडीची फेरी मारून ताबा घेणाऱ्या व्यक्तीचं नाव: मृणालिनी. खाली मालकाशी नातं, आणि पुढे रिकामी रेघ.

तेवढ्यात फोन वाजला. एक वाजायला अजून पुष्कळ वेळ होता.

“कागद मिळाला?”

“मिळाला. एक जागा भरायची राहिलीय तुझी.”

“मुद्दाम ठेवलीय... तुला जे वाटेल ते लिही. ‘ओळखीची’ लिहिलंस तरी गाडी सुटते, मी कालिंदी मॅडमना विचारलंय. मी काही मनात धरणार नाही. खरंच.”

तिने एकटीने फेरी मारली. भोईवाडा, लालबाग, करी रोड. ब्रेक दहा वेळा दाबला, फाळका हलवून पाहिला, कान देऊन डावीकडचं ऐकलं. गाडी इथे होती तोवर त्याचं मुंबईत काहीतरी उरलं होतं; काहीतरी सापडू दे, एवढंच ती सिद्धिविनायकाला विनवत होती. काही सापडलं नाही. गाडी उत्तम होती. परत येऊन तिने सही केली, आणि त्या रिकाम्या रेघेवर लिहून कागद कालिंदीबाईंपुढे सरकवला.

बाईंनी चष्मा वर केला. “होणारी बायको? हे कधी ठरलं?”

“आत्ताच.”

“अगं, पण अप्पा? तो तिकडे, तू इकडे... कसं जमवणार आहात?”

“ते काही ठरलेलं नाही, मॅडम. तुम्ही शिक्का मारा.”

बाईंनी शिक्का मारला. राहुलने नारळ फोडला, कागद जपून खिशात घातला, आणि पिकअप धुळीतून लालबागच्या दिशेने निघून गेली. मृणालिनी दारातच उभी राहिली. रडू येत होतं तर तिने येऊ दिलं. मग तिनेच फोन लावला.

“गाडी निघाली.”

“आणि... लिहिलंस?”

“लिहिलं.”

“काय?”

“राहुल आला की वाच.”

“बारा तास आहेत गं अजून! तोवर थांबायचं मी?”

“थांब की,” ती म्हणाली. आवाज फुटत होता, पण ती हसत होती. “आपल्याला पुढे याहून फार जास्त थांबायचंय.”

 “थांबतो,” तो म्हणाला.