उखळापाशी आलेला आवाज

विश्वास ठेवायचा तर ठेवा. हे माझ्या सख्ख्या मामाच्या बाबतीत घडलंय, आणि मामी अजून हयात आहे.

१९५६ चा ऑक्टोबर. अमेरिकेत, दक्षिण कॅरोलिनातलं आमचं बेट. आमचे वाडवडील इथेच गोऱ्यांच्या मळ्यांवर विकत घेतलेले गुलाम होते. रात्र नव्हती... टळटळीत दुपार होती.

इसममामा म्हणजे धिप्पाड गडी. गोरे त्याचे दंड बघून म्हणायचे, "हा पोऱ्या एकटा बैलाचं काम करतो." चाळिशी उलटली तरी पोऱ्याच! तो मान खाली घालून ऐकायचा. घरात मात्र त्याच्यापुढे बोलायची कुणाची छाती नव्हती. पण लविनियामामीवर त्याने कधी हात उगारला नव्हता.

त्या दुपारी दोघं अंगणात भात कांडत होते.

"जोरात घाव घाल की," मामी हसली. "नुसताच दिसायला दांडगा!"

मामा उत्तर देणार, तेवढ्यात... पाखरं गप्प झाली.

वारा पडला.

मागून कुणीतरी म्हणालं, "पोऱ्या."

"जी, मालक." मामाच्या तोंडून निघूनच गेलं.

तो वळला. मागे कुणीच नव्हतं.

"जी कुणाला म्हणालास रे?" मामीला काहीच ऐकू आलं नव्हतं.

मग त्याच्या दंडावरून बोटं फिरली. थंडगार. बाजारात जनावर चाचपतात तशी. कातडीवर पडणारे खळगे मामीने डोळ्यांनी पाहिले. न दिसणारा अंगठा त्याच्या ओठांत शिरला... दात उघडे पडले.

"मजबूत आहे," आवाज म्हणाला. "मार तिला."

"नाही, मालक."

"मार."

मामाचे दोन्ही हात मुसळासकट वर गेले. तो रडत होता. पण हात त्याचे राहिले नव्हते.

"लविनिया, पळ!"

ती पळाली नाही.

मुसळ खांद्यावर बसलं. हाड कडकन मोडलं.

मग दुसरा घाव.

शेरीफ, म्हणजे इथला गोरा पोलीसप्रमुख, आला. मामाने जे घडलं ते सांगितलं. शेरीफ खो खो हसला. "तुमची जातच रानटी. बायकोलाही सोडत नाही!"

मामाला तुरुंगात टाकून रस्ते खोदायला जुंपलं. तिथेही दंड बघून दुप्पट काम दिलं.

सुटून आला, तो पायरीवरच बसून राहिला. आत जायची हिंमत होईना. शेवटी मामीच बाहेर आली. तिचा डावा हात लुळा पडला होता.

"तू पळाली का नाहीस गं?"

"कशी पळू? मला धरलं होतं."

"कुणी? माझे हात तर मुसळावर होते."

"तेच तर... मागून कुणीतरी मनगटं आवळली होती. राकट हात, तुझ्यासारखेच. आणि तो हुंदके देत होता. कानाशी एकच म्हणत होता, 'बायना, हलू नकोस. नाहीतर ते तुला विकतील.'"

बायना कोण, ते आमच्यात कुणालाच ठाऊक नाही.

मीही मामासारखाच दांडगा निघालो. कधी सहज बायकोचा हात धरतो...

ती म्हणते, "अरे, एवढा थरथरतोस का?"