तीनशे जणांचा केक

नेल प्रुइटनं त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो लग्नाच्या सुटात, पेट्रोल पंपावर, आपल्या पिकअप गाडीत बसून तीन मजली केक खात होता. बाहेर गारा पडत होत्या. केक शेजारच्या सीटवर होता आणि त्याला चक्क सीटबेल्ट लावलेला होता.

आता असं दिसल्यावर मान वळवून पुढे कोण जाईल? नेल गायिका होती, नॅशव्हिलला घरी चालली होती, आणि आदल्या दिवशी एका जत्रेत तिची रडकी गाणी ऐकायला मोजून चाळीस माणसं आली होती. तिलाही कुणाशी तरी बोलायचंच होतं. तिनं काचेवर टकटक केली.

"एवढा सगळा एकटे संपवणार?"

"तीनशे जणांचा आहे," तो गंभीरपणे म्हणाला. "पाहुणे सगळे आले. नवरी तेवढी आली नाही."

नेलला फस्सकन हसू आलं आणि लगेच तिनं जीभ चावली. पण तोही हसत होता... डोळे लाल, ओठ हसरे.

"काटा आणू तुम्हाला? पंपावर फुकट मिळतो."

तिनं केक मांडीवर घेतला आणि अर्धा तास त्या गाडीत बसली. वरचे साखरेचे गुलाब तिनंच फस्त केले.

"तुम्ही नुसते गुलाबच खाताय. खालचं कुणी संपवायचं?"

"ज्याचं लग्न त्यानं."

असलं काहीतरी बोलत दोघं हसत राहिली. दोन वर्षांत ती इतकी हसली नव्हती. गारा थांबल्या तशी ती उतरली. तो काचेतून वाकून म्हणाला, "हे कुणाला सांगू नका हं."

"शपथ," नेल म्हणाली. नाव विचारायचं मात्र दोघांचंही राहून गेलं.

आणि तीन आठवड्यांनी बाईसाहेबांनी त्या शपथेचं गाणं केलं. पंचाईत अशी, की गाणं फक्कड झालं. 'तीनशे जणांचा केक, अन् खाणारा मी एक...' ते ऐकून रेकॉर्ड कंपनीवाले इतके खूश झाले, की त्यांनी तिला अख्खा विनोदी गाण्यांचा अल्बम करायला सांगितलं. वर हेही बजावलं, की हा पडला तर पुढचा नाही. म्हणजे नेलची सगळी भिस्त त्या केकवर.

अल्बमचं रेकॉर्डिंग हॉलिस आपल्या स्टुडिओत करत होता. साठीचा, तिरसट, पण कान सोन्याचे. त्याचा एक हट्ट होता. वादकांना गाण्याचे शब्द आधी कळता कामा नयेत. त्यांना फक्त सुरांचे आकडे लिहिलेला कागद मिळायचा. सगळे एकाच खोलीत, सगळे माइक चालू. "पहिल्यांदा ऐकून येतं ते हसू खरं, पोरी," तो म्हणायचा. "दुसऱ्यांदाचं म्हणजे नाटक."

केकच्या गाण्याच्या दिवशी स्टील गिटारवाला तापानं झोपला. हॉलिसनं दुसरा बोलावला. दहाच्या सुमाराला दार उघडलं, आणि हातातली गिटारची जड पेटी खाली ठेवून जो माणूस सरळ उभा राहिला त्याला नेलनं लगेच ओळखलं.

"तुम्ही..." तो म्हणाला. "गुलाबवाल्या."

"आणि तुम्ही... केकवाले."

"एमेट स्लोन." तो कॉफी ओतायच्या निमित्तानं जवळ आला. कप भरला तरी ओततच राहिला. "एक सांगू? मी चार महिने दर शनिवारी त्या पंपावर जात होतो. माझ्या घरापासून चाळीस मैल आहे. भरलेलं पेट्रोल जाण्यायेण्यातच संपायचं."

"कशासाठी?"

"काटे फुकट मिळतात ना तिथं."

एरवी ती विरघळली असती. म्हणजे विरघळलीच, पण आतून घाम फुटला होता. आठ महिने जो माणूस तिच्या डोक्यातून गेला नव्हता तो समोर उभा होता, आणि आणखी दहा मिनिटांनी ती सगळ्यांदेखत त्याचीच फजिती गाणार होती.

"एमेट, ऐका ना... आजचं गाणं आहे ना, ते..."

"चला, आपापल्या जागेवर," हॉलिसचा आवाज आला.

सांगायचं असतं तर तेवढ्यातही सांगता आलं असतं. दोन वाक्यांचं तर काम. पण नेलची छातीच झाली नाही. एमेटनं गुडघ्यांवर गिटार जुळवली, कानाला हेडफोन लावले आणि तिच्याकडे बघून हसला. ते हसू बघून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पहिलं कडवं सुरू झालं. नवरदेव चर्चमध्ये उभा, घड्याळ पुढे सरकतंय. ढोलवाला डूली हसायला लागला. सीटबेल्टची ओळ आली तेव्हा त्याच्या हातातली काडीच पडली. बास गिटारवाला पोट धरून वाकला. खोलीत हास्याचा नुसता धो धो लोट, आणि काचेपलीकडे हॉलिस आनंदानं मांडीवर थापा मारतोय.

एमेट हसला नाही. त्याची मान खाली गेली ती वर आलीच नाही. पण एकही सूर चुकला नाही त्याचा, आणि तेच नेलला सहन होईना. शेवटचा सूर विरला तसे त्यानं हेडफोन काढून नीट खुंटीला लावले आणि तो बाहेर गेला.

नेल मागोमाग धावली. तो पार्किंगमध्ये आपल्या गाडीला टेकून उभा होता.

"गाणं मी काढून टाकते," ती धापा टाकत म्हणाली. "अल्बममध्ये नाही जाणार. शपथ..."

"शपथ नका घेऊ, मॅडम. तुमची शपथ आत्ताच ऐकली मी, चालीसकट."

त्या 'मॅडम'नं नेलला थप्पड बसावी तसं झालं.

"तेवढ्यासाठीच बसला होतात का गाडीत? गाणं मिळवायला?" एमेटनं विचारलं.

"नाही. गाणं नंतर आलं. मला तुझी... तुमची आठवण यायची. आठवण आली की हसू यायचं, म्हणून विनोदी झालं. रडू आलं असतं तर रडकं लिहिलं असतं, मला तेच येतं."

एमेटनं गाडीचं दार उघडलं, पुन्हा बंद केलं. मग म्हणाला, "गाणं चांगलं आहे. तेच तर झोंबतंय. पण खोटं आहे. त्यात तो एकटाच खातो."

"विनोद जमायला तसं..."

"हो ना. विनोद जमायला तू स्वतःला काढून घेतलंस आणि मला ठेवलंस. लोकांनी हसायला मी एकटा पुढे."

खरंच होतं ते. तेवढ्यात हॉलिस दारात आला. डूलीच्या काडीचा खडखडाट सगळ्या माइकांत गेला होता, पुन्हा एकदा घ्यावं लागणार होतं. एमेटनं सुस्कारा सोडला.

"काम घेतलंय तर पुरं करून जातो. मग मी माझ्या रस्त्यानं."

दुसऱ्या खेपेला खोलीत कुणीच हसेना. शब्द कळलेले, आणि वर काहीतरी बिनसलंय याचा सगळ्यांना वास आलेला. काचेपलीकडे हॉलिसनं कपाळाला हात लावला. कडव्यामागून कडवं गेलं आणि शेवटची ओळ आली. तिथं तिनं समोरचा कागद उलटा केला आणि एमेटकडे तोंड करून गायली,

'तीनशे जणांचा केक, अन् खाणारी मीही एक...
गुलाब गिळून पळालेली, आठ महिने झुरलेली,
सांग रे, येत्या शनिवारी... माझ्यासंगं जेवशील का?'

डूली चमकला, पण वाजवत राहिला. यापुढे स्टील गिटारचा एक तुकडा होता. कागदावर आकडे होते, त्याचीच जागा होती. एमेटचे हात तारांवर तसेच थांबले. वाजेना काही. एकेक ठोका पडत होता आणि जागा रिकामी जात होती. नेलनं माइकचा दांडा घट्ट धरला. डोळ्यांत पाणी आलं तरी ती नजर हलवेना. हॉलिसचा हात बंद करायच्या बटणावर गेला...

"हो," एमेट म्हणाला.

हळू, घोगरा, पण माइक चालू होते. मग डूलीला असं हसू फुटलं, की त्याच्या मागोमाग बासवाला, हॉलिस, सगळेच. आणि एमेटही मान मागे टाकून हसला, त्या गाडीत हसला होता तसा.

"हेच," हॉलिस डोळे पुसत म्हणाला. "यातला केसही हलवायचा नाही कुणी."

अल्बम निघाला आणि चालला. त्या 'हो'ला लोक अजून पोट धरून हसतात, त्यांना वाटतं ती बँडची थट्टा. कुठं गाणं लागलं की नेलसुद्धा हसते. एमेट मात्र त्या रिकाम्या जागी हातातलं काम ठेवतो आणि आपला 'हो' ऐकू येईपर्यंत तिच्याकडे बघत राहतो.